हलक्या शेडला पाया कशाला?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाणे झाले. शेतात त्याने शेळ्यांसाठी पत्र्याची शेड उभी केली आहे. लोखंडी खांब, वर कैच्या आणि पन्हळी पत्रे. सहा मीटर रुंद, बारा मीटर लांब. घरातली शिल्लक आणि वर सोसायटीचे कर्ज, असा सगळा पैसा त्यात गेलेला. मेमध्ये काम पुरे झाले आणि ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा शेडचे दार उघडतच नव्हते. खांद्याने रेटावे लागे. आतल्या कोब्याला मधोमध हाताचे बोट जाईल एवढी भेग पडली होती. एका कोपऱ्याचा खांब ओळंब्यात राहिला नव्हता.

"पाया किती घेतलास?" मी विचारले. तो म्हणाला, "सर, पत्र्याच्या शेडला कसला आलाय पाया? दोन मजले थोडेच चढवायचेत! हातभर खड्डे घेतले, काँक्रीट ओतलं, खांब उभे केले. आत दगड टाकून वर कोबा केला."

हे उत्तर त्याचे एकट्याचे नाही. वजन जास्त तर पाया खोल, वजन कमी तर पाया उथळ, हे आपल्या सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. जांभ्याच्या किंवा मुरमाच्या जमिनीवर ते बऱ्याच अंशी खरेही आहे. काळ्या जमिनीवर मात्र गोष्ट जवळजवळ उलटी होते. तिथे इमारतीचा हलकेपणा हाच तिचा दुबळेपणा ठरतो. तो कसा, हे पाहण्यासाठी आधी या मातीच्या पोटात शिरावे लागेल.

महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा हा खडक. त्याच्या झिजेतून मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे आणि त्याच्या भाईबंदांचे कण भरपूर निर्माण होतात. (फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव आले.) हा कण म्हणजे पापुद्र्यांची चळत असते. पुरणपोळीत जसे वर-खाली कणीक आणि मध्ये पुरण, तसे प्रत्येक पापुद्र्यात वर-खाली सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा. जाडी सगळी मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहा लाखावा भाग. मधल्या थरात काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे पापुद्र्यावर थोडा ऋण विद्युतभार राहतो, आणि तो फेडण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन बसतात. या आयनांना पाण्याची फार ओढ. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. चळत फुगते. पाणी निघून गेले की पुन्हा मिटते.

कोकणच्या तांबड्या मातीत भरपूर असणारे केओलिनाइट हे खनिजही पापुद्र्यांचेच. पण त्याचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पाण्याला आत वाट नाही. एक ग्रॅम केओलिनाइटचे पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटर भरते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट पूर्ण उलगडले तर सातआठशे चौरस मीटर! आमच्या विद्यार्थ्याच्या शेडची जमीन ७२ चौ. मी. म्हणजे चिमूटभर मातीत तशा दहा शेडची जमीन घडी घालून ठेवलेली आहे आणि त्या सगळ्या पृष्ठभागावर पाणी चिकटू पाहते आहे.

याचे प्रात्यक्षिक शाळेत सहज करता येते. भारतीय मानक संस्थेने सांगितलेलीच ही चाचणी आहे. माती वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. (प्रमाणित चाळणीचे छिद्र ४२५ मायक्रॉनचे असते. ती नसेल तर मैद्याची चाळणी चालवून घ्या.) दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मि.लि.च्या दोन मोजपात्रांपैकी एकात रॉकेल आणि दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यांत माती सोडा. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि दोन्ही पात्रे २४ तास स्वस्थ राहू द्या. अर्थात रॉकेलाच्या जवळपास ज्योत नको. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या मातीचे आकारमान वाचा. रॉकेलाचे रेणू ध्रुवीय नसल्यामुळे ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरत नाहीत. त्यामुळे तिथे माती फुगत नाही आणि ते आकारमान तुलनेसाठी धरता येते. समजा रॉकेलात १० मि.लि. आणि पाण्यात १८ मि.लि. भरले, तर फुगवटा झाला ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की ती माती इमारतीच्या दृष्टीने अत्यंत धोक्याची समजतात, २० च्या खाली असला तर निर्धास्त. वर्गातल्या मुलांना आपापल्या शेतातली, गावठाणातली, विहिरीच्या काठची माती आणायला सांगा. आकडे शेजारी शेजारी लिहिले की सांगायचे फारसे उरत नाही.

गावठाणाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या जुन्या व्यवहारात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची माती ही बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख, चुना यांची बनलेली. घरे तिथे आणि शेती काळीत, ही वाटणी शेकडो वर्षे चालली. शेतात असायचे ते गवताचे खोपट किंवा कुडाचा गोठा. जमीन हलली तर तेही तिच्याबरोबर हलायचे, कुणाचे काही बिघडत नसे. आता गावठाणात जागा उरली नाही. दूध, कोंबड्या, शेळ्या, कांदा यांच्यासाठी पक्क्या शेड शेतातच उभ्या राहतात, म्हणजे थेट काळीत. तेव्हा ही अडचण आपल्या आजोबांना आली नव्हती यात त्यांचा शहाणपणा किती आणि सोय किती, हे सांगणे कठीण आहे. मला तरी दोन्ही दिसतात.

आता हलकेपणाचा हिशेब करू. अशा शेडचे पत्रे, कैच्या, खांब मिळून वजन चौरस मीटरला १५ किलोग्रॅम धरले, तर ७२ चौ. मी.चे सुमारे १,१०० किलोग्रॅम झाले. खांब आठ. प्रत्येकाच्या वाट्याला १३५ ते १४० किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसांचे वजन. समजा खांबाखाली ६० × ६० सेंमी. आणि ९० सेंमी. खोल असा काँक्रीटचा ठोकळा आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला २,४०० किलो धरले तर ठोकळा भरतो ७७८ किलोचा. दोन्ही मिळून साधारण ९१५ किलो, आणि ते पेलणारा तळ ३,६०० चौ. सेंमी. म्हणजे दर चौ. सेंमी.ला जेमतेम पाव किलो दाब. उलट, फुगू पाहणाऱ्या काळ्या मातीला प्रयोगशाळेत दाबून धरले तर ती दर चौ. सेंमी.ला एक किलोपेक्षा पुष्कळ अधिक जोर लावते, असे अनेक नमुन्यांत मोजले गेले आहे. दुमजली विटांचे घर त्या जोराला थोडाफार तरी विरोध करते. पत्र्याची शेड काय करणार? माती तिला उचलते, आणि सगळीकडे सारखी उचलत नाही. जिथे पाणी जास्त मुरले तिथे जास्त. दार अडले ते म्हणून.

पण हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. शेडला वरूनही कोणीतरी ओढत असते. वारा छपरावरून वाहताना वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो. शेडची एखादी बाजू उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालून पत्र्याला ढकलते. दोन्हींचा परिणाम एकच, छप्पर वर जाऊ पाहते. वाऱ्याचा दाब काढण्याचे साधे सूत्र असे: वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे, म्हणजे चौरस मीटरला किती न्यूटन ते मिळते. भारतीय मानकातल्या नकाशात पुण्यासाठी पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबई-नागपूरला ४४. ३९ घेतला तर दाब येतो सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे चौ. मीटरला ९३ किलोचा जोर. छपराचा आकार, उतार, उघड्या बाजू यांप्रमाणे तो कमीजास्त होतो. ढोबळ हिशेबासाठी तेवढाच धरू. ७२ चौ. मी.ला झाले सुमारे ६,७०० किलो. शेडचे स्वतःचे वजन १,१००. उरलेले ५,६०० किलो कोणीतरी खाली धरून ठेवायला हवेत. आठ खांबांवर सरासरी ७०० किलो, मधल्या खांबांवर त्याहून जास्त. वरचा ७७८ किलोचा ठोकळा आता उधळपट्टी वाटत नाही. विद्यार्थ्याने हातभर खड्ड्यात ओतलेले काँक्रीट याच्या निम्मेही नव्हते. तेव्हा शेडचा पाया म्हणजे तिचे ओझे पेलणारा हमाल नव्हे. तो तिचा नांगर आहे, होडीचा असतो तसा.

कोणी म्हणेल, ठोकळ्याभोवतीची माती त्याला घट्ट धरून ठेवीलच की. इतर जमिनीत ठेवते. काळ्या जमिनीची खोडी अशी की, एप्रिल-मेमध्ये ती आकसते, तिला भेगा पडतात आणि ठोकळ्याच्या चारी बाजूंनी फट पडते. आणि वळवाची वादळे नेमकी याच दिवसांत येतात! पत्रे उडाल्याच्या बातम्याही याच दिवसांतल्या. म्हणून बाजूच्या मातीची पकड हिशेबात धरू नये. ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनावरच भिस्त ठेवावी. किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात काढलेला उपाय करावा. त्यात साधारण साडेतीन मीटर खोल गोल छिद्र पाडतात, तळाशी खास अवजाराने ते कांद्यासारखे रुंद करतात आणि मग सळया घालून काँक्रीट भरतात. हा तळचा फुगीर भाग देठाच्या सुमारे अडीचपट व्यासाचा असतो. तो अशा खोलीवर असतो, जिथली माती ऋतूंप्रमाणे फारशी ओली-सुकी होत नाही. त्यामुळे मातीने उचलले काय आणि वाऱ्याने ओढले काय, खांब तळाशी अडकून राहतो.

एवढा खर्च प्रत्येकाला झेपणार नाही, हे उघड आहे. म्हणून पहिले काम फुकटचे. जवळच्या विहिरीच्या काठावर उभे राहून तिच्या भिंतीकडे नीट पाहावे. वर काळी माती किती, तिच्याखाली मुरूम कुठे सुरू होतो, काळा पाषाण किती खोल, हे सगळे तिथे उघड्या पुस्तकासारखे दिसते. विहीर दूर असेल तर शेडच्या जागी एक खड्डा खणावा. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागत असेल तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो. ठोकळे तिथपर्यंत न्यावेत, म्हणजे त्यांचा तळ तरी न फुगणाऱ्या थरावर बसतो.

मग आखणी. चार खुंट्या, सुतळी आणि फक्की. काटकोनासाठी तीन-चार-पाचची दोरी आपण वर्गात शिकवतोच. गवंडीही तीच वापरतो, फक्त पायथागोरसचे नाव घेत नाही. चारही बाजू बरोबर आल्या म्हणजे आयत झाला असे नाही, समांतरभुज चौकोनही तसाच असतो. दोन्ही कर्ण मोजावेत. ६ आणि १२ मीटर बाजूंसाठी प्रत्येक कर्ण १३.४२ मीटर यायला हवा. सपाटीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवावी. आठवी-नववीची मुले हे काम अर्ध्या तासात आणि मोठ्या आनंदाने करतात.

वरचा १५-२० सेंमी.चा थर खरवडून बाजूला काढावा. त्यात मुळे, काडीकचरा, शेणखत असते. ते कुजले की जमीन बसते. पण हा थर शेतातला सर्वांत सुपीक भाग, तेव्हा तो भरावात न घालता शेतातच पसरावा.

आता शेडच्या आतली जमीन. इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि आमच्या विद्यार्थ्यानेही केली. काळ्या मातीवर थेट दगड किंवा वाळू टाकून वर कोबा करायचा. दगडांच्या फटींतून आणि वाळूतून पाणी सहज आत जाते, पण खालची ओली काळी माती त्याला पुढे जाऊ देत नाही. म्हणजे शेडखाली आपण पाण्याचे एक टाकेच बांधून ठेवतो. त्यात भर अशी, की वर छप्पर आल्यामुळे मधल्या जमिनीवर ऊन-वारा लागत नाही, बाष्पीभवन थांबते आणि आजूबाजूचा ओलावा हळूहळू मध्यभागी साठत जातो. कडा पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात आकसतात; मध्य मात्र वर्षागणिक वरच येत राहतो. अशा शेडचा कोबा काही वर्षांनी उपड्या घमेल्यासारखा होतो तो यामुळे. दगडाला दोष नाही, फक्त त्याच्याखाली काहीतरी हवे होते.

ते काहीतरी म्हणजे मुरूम. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात यावर फार महत्त्वाचे काम केले. काळ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा, साधारण एक मीटर जाडीचा दाबलेला थर दिला, तर खालच्या मातीचा फुगवटा फार मोठ्या प्रमाणात आटोक्यात येतो, असे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या अस्तरासाठी हा उपाय भारतीय मानकातही आला. चांगला चिकण मुरूम या कामाला चालतो. नुसती वाळू चालत नाही, कारण तिच्यात चिकटपणा नाही आणि पाणी अडवण्याची ताकदही नाही. मात्र आमच्या शेडला चारी बाजूंनी एक मीटर वाढवून मीटरभर थर द्यायचा तर ८ × १४ × १ म्हणजे ११२ घनमीटर दाबलेला मुरूम लागेल. ट्रॅक्टरच्या कितीतरी खेपा! शेतकरी इथे कचरतो आणि त्याला नावे ठेवता येत नाहीत. मध्यम मार्ग असा, की जमेल तेवढा थर द्यावा, पण दिला तो नीट दाबावा आणि पाणी आत शिरणार नाही याची पक्की तजवीज करावी. जागेवरच्याच काळ्या मातीत वजनाच्या तीन ते सहा टक्के चुना मिसळूनही तिचा फुगवटा बराच उतरतो. चुन्यातले कॅल्शियम पापुद्र्यांमधल्या सोडियमची जागा घेते आणि पुढे सावकाश सिमेंटासारखी जोडणीही होते. पण काळी ढेकळे बारीक करून त्यात चुना एकजीव करणे हे घामाचे काम आहे.

दाबण्याचेही शास्त्र आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला धरणांचे काम पाहणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवून दिले, की ठरावीक धुमस मारल्यावर माती किती घट्ट होते हे तिच्यातल्या पाण्यावर अवलंबून असते. कोरड्या मातीचे कण एकमेकांवर अडून बसतात. थोडे पाणी मिळाले की ते सरकून फटींत जातात. पाणी फार झाले की फटी पाण्यानेच भरतात, आणि पाणी तर दाबता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक नेमका ओलावा असतो. तो ओळखण्याची गवंड्याची रीत अशी: मूठभर मुरूम आवळावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये आणि गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकला तर फुटला पाहिजे. अशा ओलाव्याचा १५ ते २० सेंमी.चा थर पसरावा, धुमसाने किंवा रोलरने दाबावा, मग पुढचा. मीटरभर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा वीतभर भाग घट्ट होतो. हे काम मेमध्ये, भेगाळलेल्या जमिनीवर उरकण्यापेक्षा दिवाळीनंतर करावे. तेव्हा खालची माती फार फुगलेली नसते आणि फार आकसलेलीही नसते.

राहिले पाणी. वर्षाला ७५० मि.मी. पाऊस धरला तर ७२ चौ. मी. छपरावर ५४,००० लिटर पाणी पडते. दुपाखी छप्पर असेल तर त्यातले निम्मे एकेका वळचणीखाली, म्हणजे दर मीटर लांबीला सव्वादोन हजार लिटर, आणि तेही नेमके खांबांच्या पायाशी! म्हणून जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंमी. उंच हवे. वळचणीला पन्हळ लावून पाणी दूर टाकीत किंवा शेतात न्यावे. भोवती मीटरभर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला मीटरमागे अडीच सेंमी. उतरणारा कोबा करावा. बाभूळ, निलगिरी यांसारखी झाडे आपल्या उंचीइतकी तरी दूर असावीत. त्यांची मुळे एका बाजूची जमीन सुकवून टाकतात. माझे मत विचाराल तर, पैसे मोजके असतील तेव्हा पन्हळ आणि भोवतालचा उतार यांवर आधी खर्च करावा, आणि उरले तर कोब्याच्या घोटाईवर. प्रत्यक्षात लोक उलटे करतात, कारण गुळगुळीत कोबा पाहुण्यांना दिसतो.

त्या विद्यार्थ्याने शेड पाडलेली नाही, तशी गरजही नव्हती. त्याने पन्हळ बसवली, भोवतीचे डबके भरून बाहेरच्या बाजूला उतार काढला आणि दोन कोपऱ्यांच्या ठोकळ्यांभोवती खणून काँक्रीट वाढवले. कोब्यातल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा सिमेंटात बसवला आहे. गावच्या शाळेतली नववीची मुले दर महिन्याच्या एक तारखेला त्या खिळ्यांमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजून फळ्यावर लिहितात, शेजारी त्या महिन्याचा पाऊस. आलेख निम्मा काढून झाला आहे. उन्हाळ्याचे आकडे यायचे आहेत.